ससा कोणाचा?

वाराणसीतल्या एखाद्या कुटुंबाने रेस्क्यू सेंटरमधून ससा घरी आणला, तर धर्माच्या दृष्टीने त्या कुटुंबाने नेमके काय केले? या प्रश्नाला आपल्याकडे तीन उत्तरे तयार असतात. पहिले असे की हा छंद आहे, धर्माचा त्यात काही संबंध नाही. दुसरे असे की हे पुण्यकर्म आहे, मुक्या जिवाला आसरा दिला. तिसरे उत्तर कडक आहे. जिवाला चार भिंतींत ठेवणे हे बंधन आणि त्याच्यावर जीव जडवणे हा मोह, तेव्हा मुमुक्षूने त्या वाटेला जाऊ नये. मला ही तिन्ही उत्तरे अपुरी वाटतात. छंद म्हटले की ससा आपल्या करमणुकीचे साधन होतो. पुण्य म्हटले की तो आपल्या परलोकाचे साधन होतो. मोह म्हणून नाकारला की तो आपल्या वैराग्याच्या वाटेतला अडथळा ठरतो. तिन्ही वेळा विचार आपल्यापासून सुरू होतो आणि आपल्यापाशीच संपतो. तो सशापासून सुरू केला तर चौथे उत्तर हाती येते. सोडवून आणलेला ससा ही आपल्याकडे आलेली ठेव आहे. तिची मालकी आपली नाही, जबाबदारी मात्र पूर्णपणे आपली आहे. या उत्तरासाठी काशीबाहेर जावे लागत नाही. सारनाथपासून भेलूपूरपर्यंत आणि विश्वनाथाच्या गाभाऱ्यापासून धर्मशास्त्र्यांच्या पोथ्यांपर्यंत त्याचे धागे इथेच विखुरलेले आहेत.

सुरुवात सारनाथपासून करू. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग वाराणसीला आला आणि मृगदावाच्या, म्हणजे सारनाथच्या, परिसरातल्या स्तूपांची त्याने नोंद केली. त्यांतला एक स्तूप कोल्हा, माकड आणि ससा या तीन प्राण्यांचा होता. म्हाताऱ्याचे रूप घेतलेल्या इंद्राने या तिघांकडे अन्न मागितले. कोल्ह्याने मासा आणला, माकडाने फळे आणली, सशाला काहीच मिळाले नाही, म्हणून त्याने लाकडे गोळा करवून स्वतःला आगीत झोकून दिले. पाली जातकसंग्रहात ३१६व्या क्रमांकावर हीच कथा जरा वेगळ्या रूपात येते. तिथेही वाराणसीत ब्रह्मदत्ताचे राज्य आहे, सशाच्या सोबतीला माकड, कोल्हा आणि पाणमांजर आहेत, आणि आग सशाला जाळत नाही, ती बर्फासारखी थंड राहते. दोन्ही रूपांत इंद्र सशाची खूण चंद्रावर ठेवतो. पाली कथेतला एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. आगीत उडी घेण्यापूर्वी ससा तीनदा अंग झाडतो, केसांत राहणारे किडे आपल्याबरोबर जळू नयेत म्हणून. त्याचे शरीर त्याचे स्वतःचे होते, ते देण्याचा त्याला अधिकार होता. पण त्या शरीराच्या आश्रयाला आलेले जीव त्याचे नव्हते, आणि सर्वस्वाचे दान करतानाही त्याने त्यांना आपल्या मालमत्तेत धरले नाही. दानाची मर्यादा इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी आखली असेल. आपल्या आसऱ्याला असणे आणि आपले असणे यांतला फरक या कथेत एक ससा माणसाला शिकवतो.

माणसाने मात्र कथेतला सोयीचा भाग तेवढा उचलला. ससा गरीब, तो ओरडत नाही, चावत नाही, स्वतःला देऊन टाकतो, हे आपण लक्षात ठेवले आणि त्याच्या गरीबपणाचा उपयोग करून घेतला. जॉन ड्रेझ या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी १९४४मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सशाच्या डोळ्यात रसायन घालून जळजळ किती होते ते मोजतात. सशाची निवड झाली ती त्याचे डोळे मोठे म्हणून आणि तो निमूटपणे सोसतो म्हणूनही. भारताने सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यावर २०१४मध्ये बंदी आणली, हे आपल्या कायद्याचे चांगले पाऊल. पण प्रयोगशाळा, मांस आणि लोकर यांच्यापलीकडे सशाचा आणखी एक उपयोग चालूच राहिला आहे, तो खेळण्याचा. दुकानात कापसाच्या गोळ्यासारखे दिसणारे पिल्लू मुलाच्या वाढदिवसाला घेतले जाते. हा प्राणी नीट सांभाळला तर आठ ते बारा वर्षे जगतो हे तेव्हा कुणाच्या मनात नसते. मादीचा गर्भकाळ जेमतेम ३१ दिवसांचा आणि विल्यानंतर ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे नर-मादीची जोडी आणली तर काही महिन्यांत घर अपुरे पडते. मग ससे बागेत, देवळाच्या आवारात किंवा घाटाच्या पायऱ्यांवर सोडले जातात. त्यांतले थोडेच जिवंतपणी कुणाच्या हाती लागतात आणि रेस्क्यू सेंटरपर्यंत पोचतात.

इथे एक आक्षेप लगेच पुढे येतो. ससा हा रानातला जीव, त्याला खरी दया दाखवायची तर मोकळे सोडावे, घरात कशाला ठेवावे? भावना चांगली आहे, पण ती ज्या माहितीवर उभी आहे ती चुकीची आहे. भारताच्या माळरानांवर दिसणारा ससा गवतात उघड्यावर राहतो. त्याची पिल्ले डोळे उघडे ठेवून, अंगभर केस घेऊन जन्मतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि त्याला घरी पाळता येत नाही. दुकानातला पांढरा, लाल डोळ्यांचा ससा निराळ्या जातीचा आहे. आयबेरियन द्वीपकल्पात बिळे करून राहणाऱ्या सशापासून माणसाने शेकडो वर्षांच्या निवडीतून त्याला घडवले. त्याचा रंग लपण्यासाठी उरलेला नाही, भारतातल्या उन्हाची त्याला सवय नाही, आणि मोकाट कुत्री, मुंगूस, घारी यांच्यापुढे तो एक रात्रही टिकणे कठीण. दुसऱ्या टोकाचा दाखला ऑस्ट्रेलियाचा आहे. १८५९मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने व्हिक्टोरियात शिकारीच्या हौसेसाठी सुमारे दोन डझन ससे सोडले. त्यांची संतती खंडभर पसरली, जमीन उजाड झाली, आणि १९५०मध्ये सरकारने मुद्दाम रोगाचा विषाणू सोडून कोट्यवधी ससे मारले. कधी सोडलेला ससा मरतो, कधी त्याच्यामुळे रान मरते आणि शेवटी तोही मरतो. म्हणजे या प्राण्याचे परावलंबन निसर्गाने दिलेले नाही, ते माणसाने घडवले आहे. ज्याला आपण परावलंबी केले त्याला सांभाळणे हा उपकार होऊ शकत नाही. ते ऋण आहे, आणि ते मनुष्यजातीकडून येणे आहे.

ऋण फेडण्याची रीत कशी असावी, हे काशीची जैन परंपरा सांगते. भेलूपूर हे तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांचे जन्मस्थान मानले जाते. राजकुमार असताना त्यांनी पंचाग्नी तप करणाऱ्या कमठाला थांबवले, कारण त्याच्या धुनीतल्या जळत्या लाकडात नाग होता. काही परंपरा नाग-नागिणीची जोडी सांगतात. इथे सुटकेचा एक क्षण आहे. पण सुटकेनंतर काय, या प्रश्नाचे उत्तर ज्ञाताधर्मकथा या आगमातल्या मेघकुमाराच्या पूर्वजन्माच्या कथेत मिळते, आणि योगायोगाने तिथेही ससाच आहे. वणव्यापासून बचावासाठी एका हत्तीने रानात मोकळे मैदान तयार केले होते. आग लागली तेव्हा सगळे प्राणी तिथे दाटीने उभे राहिले. हत्तीने अंग खाजवायला पाय उचलला आणि तेवढ्या मोकळ्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला तर तो चिरडेल, म्हणून हत्तीने अडीच दिवस पाय वर धरून ठेवला. वणवा विझला, ससा निघून गेला, आणि बधिर झालेला पाय टेकवताना हत्ती कोसळून मेला. तोच पुढे राजगृहाच्या श्रेणिक राजाचा पुत्र मेघकुमार झाला. या हत्तीने पुण्य शोधले नव्हते, ससा आपणहून आला. त्याने सशाला सोंडेत उचलून आपलेसे केले नाही, फक्त स्वतःचा पाय आवरून धरला. आणि धोका होता तितका वेळ त्याने ते सोसले. रेस्क्यू सेंटरमधून ससा घरी आणणे हे या हत्तीच्या कृतीशी जुळते. पाळीव सशासाठी बाहेरचा वणवा कधी विझत नाही, म्हणून आपला पाय त्याच्या आयुष्यभर वर राहतो, एवढाच फरक.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळू. तो खुद्द भागवत पुराणातून येतो आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. पाचव्या स्कंधातला राजा भरत राज्य सोडून गंडकीच्या काठी तपाला बसला होता. सिंहाच्या गर्जनेने घाबरलेल्या गाभण हरिणीने नदीत उडी घेतली आणि तिचे पाडस प्रवाहात पडले. भरताने त्याला वाचवले आणि वाढवले. पुढे त्याचे चित्त पाडसातच गुंतले, नित्यकर्मे सुटली, मरतानाही मनात तेच होते, आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. सोडवलेल्या प्राण्याला घरी आणणाऱ्याला याहून स्पष्ट इशारा कोणता? पण कथा नीट वाचावी. पाडसाला पाण्यातून काढणे चुकले, असे भागवत म्हणत नाही. शरण आलेल्याची उपेक्षा करू नये, हा भरताचा विचारही ते खोडून काढत नाही. दोष सुरू होतो तो करुणेची ममता झाली तेव्हा. पाडसाला भरताची गरज होती तोवर सगळे ठीक होते, भरताला पाडसाची गरज लागू लागली तिथे तो घसरला. बौद्ध आणि योग या दोन्ही परंपरांनी मैत्री आणि करुणा यांच्यासोबत मुदिता आणि उपेक्षा यांनाही जोडून घेतले आहे, ते याच घसरणीवर उपाय म्हणून. उपेक्षा म्हणजे बेपर्वाई नव्हे. समोरच्याचे हित पाहावे आणि त्याच्यावर आपला हक्क मात्र सांगू नये, अशी ती समतोल वृत्ती आहे. तेव्हा भरताच्या कथेचा धडा वाचवू नका असा नाही, वाचवलेल्यावर मालकी सांगू नका असा आहे.

मालकी न घेता पूर्ण जबाबदारी घ्यायची, ही गोष्ट व्यवहारात शक्य आहे का? धर्मशास्त्राने या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केला आहे. न्यायव्यवहाराच्या अठरा विषयांत पहिला ऋणाचा आणि दुसरा निक्षेपाचा, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या ठेवीचा. याज्ञवल्क्य स्मृतीनुसार ठेव स्वतःच्या फायद्यासाठी वापरणारा दंडाला पात्र होतो. राजाने, दैवाने किंवा चोराने ती नेली तर ठेव सांभाळणारा दोषी नसतो, हलगर्जीपणाने गेली तर असतो. हा विचार महाराष्ट्राला परका नाही. पैठणहून काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्याने धर्मशास्त्रावर पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ लिहिले. शिवाजी महाराजांचा १६७४चा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले, आणि ज्या व्यवहारमयूखाला मुंबईच्या न्यायालयांनीही प्रमाण मानले तो लिहिणारे नीलकंठ भट्टही याच घराण्यातले. या ग्रंथपरंपरेने माणसामाणसांत जो उच्चनीच भेद केला तो नाकारावाच लागेल. निक्षेपाची कल्पना त्या भेदावर उभी नाही, म्हणून ती घेता येते. ती सशाला लावून पाहिली की बरेच काही उलगडते. ससा आपल्या करमणुकीसाठी, फोटोसाठी, पाहुण्यांच्या कौतुकासाठी वापरायचा नाही. नीट काळजी घेऊनही तो आजाराने गेला तर दोष नाही, पण मे महिन्यात गच्चीवरच्या पिंजऱ्यात उष्म्याने गेला तर तो दोष आपलाच. ठेवणारा कोण, असे कुणी विचारील. शैव सिद्धान्तात सगळे बद्ध जीव पशू आहेत आणि त्यांचा पती एक शिव. माणूसही त्याच पशूंत मोडतो. काशीत राहणाऱ्या श्रद्धावानाला याहून सरळ उत्तर नको. ज्याची देवावर श्रद्धा नाही त्याने एवढेच म्हणावे की सशाचे आयुष्य सशाचे आहे आणि ते आपल्या हवाली झाले आहे.

ठेवीच्या या कल्पनेमुळे पिंजऱ्याचा आक्षेपही सोडवता येतो. घरात ठेवणे हीच हिंसा, असे अनेक अहिंसावादी म्हणतात, आणि दुकानातल्या तारेच्या पिंजऱ्याबद्दल त्यांचे म्हणणे खरेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाच्या खटल्यात प्राण्यांची पाच स्वातंत्र्ये मांडली: भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना आणि रोगापासून, भयापासून, आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याचे. २०२३मध्ये घटनापीठाने अशा खेळांना परवानगी देणारे राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरवले आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मानले नाही. तरीही घराने स्वतःची परीक्षा घेण्यासाठी ही पाच कलमे उत्तम आहेत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून त्याला दिवसरात्र सुके गवत लागते. गाजर हे त्याचे रोजचे अन्न नाही, त्यातली साखर त्याच्या पोटाला मानवत नाही. काही तास त्याने खाणे सोडले तरी आतडी मंदावून जीव जाऊ शकतो. भक्ष्य म्हणून जगलेल्या वंशाचा असल्यामुळे तो दुखणे लपवतो. उचलताना धसमुसळेपणा झाला तर त्याच्या पाठीचा कणा मोडतो. त्याला घाम येत नाही, तो उष्णता कानांवाटे टाकतो. हवा ३० अंशांच्या वर गेली की त्याला त्रास सुरू होतो, आणि वाराणसीचा उन्हाळा ४० अंश ओलांडतो. त्याला सजातीयाची सोबत हवी असते, म्हणून नसबंदी केलेली जोडी सांभाळणे बरे. नसबंदी ही हिंसा नाही का, याचेही उत्तर ठेवीच्याच न्यायाने द्यावे लागते. तिच्यात एका जिवाला काही दिवसांची वेदना आहे, ती टाळली तर ज्यांना घर मिळणार नाही अशा डझनांनी पिल्लांचा जन्म आहे. दोन्हींत वेदना आहे, आणि कमी वेदनेची वाट डोळसपणे निवडणे ही अहिंसाच.

काशीचा स्वतःचा असा एक आक्षेप आहे. स्कंदपुराणातल्या काशीखंडाने रुजवलेली श्रद्धा अशी की इथे देह ठेवणाऱ्या प्रत्येक जिवाच्या कानात विश्वनाथ तारक मंत्र सांगतो, मग तो कीटक का असेना. तसे असेल तर घाटावर मरणारा ससा मुक्तच होतो, त्याला उचलून वर्षानुवर्षे जगवण्याचे कारण काय? या युक्तिवादाने काशीतला आजारी माणूसही बिनऔषधाचा मरू द्यावा लागेल, आणि काशीत कुणी तसे मानत नाही. मुक्ती हे विश्वनाथाचे काम आहे, शुश्रूषा हे माणसाचे. त्याचे वचन पुढे करून आपले काम टाळणे ही श्रद्धा नव्हे. शिवाय या श्रद्धेचा अर्थ उलट दिशेनेच जातो. ज्याच्या कानाशी प्रत्यक्ष शिव येणार आहे तो ससा क्षुद्र कसा? प्रारब्धाचा आक्षेपही असाच टिकत नाही. ससा त्याच्या पूर्वकर्माचे भोग भोगतो, आपण मध्ये का पडावे, असे म्हणणारा कर्मसिद्धान्त अर्धाच वापरतो. हा सिद्धान्त दुःख का आले ते सांगतो, ते पाहणाऱ्याने काय करावे हे सांगत नाही. पाहणाऱ्याचे कर्म त्या क्षणी त्याचे स्वतःचे असते. काशीत नंदीच्या कुळातला म्हणून वळूला वाट दिली जाते, भैरवाचे वाहन म्हणून कुत्र्याला भाकरी मिळते, संकटमोचनच्या माकडांना प्रसाद मिळतो. सशाच्या पाठीशी अशी पूजेची सवय उभी नाही. म्हणूनच त्याच्याबाबतीत आपली दया खरी की ती देवाच्या धाकाने आलेली, हे कळते.

माणसे उपाशी असताना सशासाठी गवत आणि शस्त्रक्रिया, हा आक्षेप विवेकी माणसेही घेतात आणि तो आदराने ऐकला पाहिजे. ज्याच्याकडे फक्त एकाचेच पोट भरण्याइतके आहे त्याने माणसाला आधी द्यावे, यात मला शंका नाही. पण सशाचा खर्च बहुतेक घरांत भुकेल्याच्या ताटातून येत नाही, तो आपल्या चैनीतून येतो, आणि चैनीचा हिशेब कुणी भुकेल्याच्या नावाने मांडत नाही. मराठी माणसाला या आक्षेपाचे उत्तर एकनाथांनी देऊन ठेवले आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची आपली टीका त्यांनी १५७३मध्ये, म्हणजे शके १४९५मध्ये, वाराणसीतच पूर्ण केली. त्यांच्याविषयीची आख्यायिका अशी की रामेश्वराला वाहायला नेलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. एकनाथांच्या चरित्रात हे गाढव आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या घरी केलेले भोजन या दोन्ही आठवणी एकत्र येतात, त्यांत स्पर्धा नाही. एकाने काय होणार, या शंकेचे उत्तर पुन्हा मृगदावात आहे. निग्रोधमृग जातकात एका गाभण हरिणीची बळी जाण्याची पाळी येते आणि मृगराज तिच्या जागी स्वतः उभा राहतो. राजा त्याला अभय देतो, मृगराज सगळ्या हरणांसाठी मागतो, मग इतर पशूंसाठी, मग पक्ष्यांसाठी, मग माशांसाठी. एका जिवाच्या बाबतीत जे तत्त्व मान्य केले ते पुढच्याला नाकारायला कारण सापडत नाही. म्हणून एक ससा नीट सांभाळणारे घर दुकानात पिल्लू पाहून पुन्हा पूर्वीसारखे निवांत राहू शकत नाही.

यातून एक कठोर नियमही निघतो. सशाला वाचवायचे म्हणून दुकानातून विकत घेणे हे दयेचे कृत्य नाही. विक्रेत्याच्या लेखी ती फक्त मागणी असते, आणि रिकाम्या पिंजऱ्यात लवकरच दुसरे पिल्लू येते. सोडण्यासाठी म्हणून पक्षी विकत घ्यावेत आणि त्या मागणीपायी पुन्हा पक्षी पकडले जावेत, तसाच हा प्रकार. २०१८च्या पाळीव प्राणी दुकानांच्या नियमांनी ससे विकणाऱ्यालाही राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आहे. १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला उपासमार होईल असे टाकून देणे गुन्हा ठरवले आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. इतक्या स्वस्त गुन्ह्याला कायद्याचा धाक पुरणार नाही, तिथे धर्मबुद्धीच लागते. आपल्याकडे या बुद्धीला संस्थेचे रूप देण्याची जुनी रीत आहे. भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून १८३२मध्ये मुंबईत दंगल झाली, त्यानंतर १८३४मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. काशीतही जीवदयेच्या नावाने गोशाळा चालतात. गाईगुरांना असा सामूहिक निवारा मानवतो. ससा मात्र गर्दीत, गोंगाटात आणि एकमेकांच्या रोगांत टिकत नाही, त्याला शांत घर आणि रोज लक्ष ठेवणारी माणसे हवीत. म्हणून ससा घरी आणणे म्हणजे पांजरपोळेचा एक कोपरा आपल्या घरात चालवणे. धर्मादाय विश्वस्ताने संस्थेची मालमत्ता स्वतःची समजू नये, हे जसे आपण मानतो तसेच इथेही मानावे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. रेस्क्यू सेंटरच्या अर्जावर सही करणारे कुटुंब ससा मिळवत नाही, एक बांधिलकी स्वीकारते. ज्या घराला दहा वर्षांची खात्री देता येत नाही, ज्यांचे भाड्याचे घर उन्हाळ्यात भट्टी होते, ज्यांना सशाचा आजार ओळखणारा पशुवैद्य जवळपास सापडत नाही, त्यांनी ससा न आणणे हाच धर्म. त्यांनी सेंटरला गवताचा, औषधाचा, नसबंदीचा खर्च द्यावा. ऋण सगळ्यांचे आहे, म्हणून ते फेडण्याच्या वाटाही अनेक असायला हव्यात. ज्या घराला हे सारे जमते त्याने मात्र पुण्याच्या हिशेबाने, एकटेपणाच्या औषधाने किंवा मुलांच्या हट्टाने ससा आणू नये. मुलांना काही शिकवायचेच असेल तर हे शिकवावे की घरातला हा जीव आपल्यासाठी आलेला नाही, आपण त्याच्यासाठी आहोत. त्याला उचलून घेतलेले आवडत नसेल तर उचलू नये. तो कोपऱ्यात बसू पाहत असेल तर बसू द्यावे. त्याने प्रेम दाखवले नाही तरी गवत, पाणी आणि सावली यांत कसूर करू नये. काही परत मिळत नसतानाही जो रोजचे काम चुकवत नाही, त्याने ममता आणि करुणा यांतला भेद आचरणात आणला आहे. भरत राजाला तपोवनात जे साधले नाही ते साध्या संसारी घराला साधता येते, आणि त्यासाठी संन्यासाची गरज पडत नाही.